यहूदी धर्मातील याजकाचे पावित्र्य व विवाहाचे नियम

ह्या वर्षी शास्त्रपाठाच्या तासास आम्ही इयत्ता नववीच्या वर्गाबरोबर लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचीत होतो. तेथे जखऱ्या नावाच्या याजकाची ओळख करून देताना लेखकाने त्याच्या पत्नीचेही कुळ सांगितले आहे. अलीशिबा ही अहरोनाच्या कुळातील होती. एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, याजकाच्या बायकोचे कुळ सांगण्याचे कारण काय?" प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही लेवीय ह्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढून याजकांच्या विवाहाचे नियम वर्गास समजावून दिले. याजकाने नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीशी विवाह करू नये, हा नियम सांगून होतो न होतो तोच मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "गुरुजी, आणि तिचा काही दोष नसला तर?"

इतक्यात घंटा झाली. त्या घंटेने आमची सुटका केली, हे आम्ही येथे कबूल करतो. कारण त्या क्षणी आमच्यापाशी धड उत्तर नव्हते. त्या वयात असा प्रश्न कोणी केवळ पुस्तकावरून विचारीत नाही. तो कोणत्या तरी घरातून आलेला असतो. अधिक चौकशी करण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. परंतु उत्तर देणे हे आमच्यावर ऋण राहिले. ते फेडावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम नियम काय आहेत ते नीट पाहू. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे इस्राएलाच्या बारा वंशांपैकी लेवी वंश देवाच्या सेवेसाठी वेगळा केला होता, व त्या वंशातही अहरोन व त्याचे पुत्रपौत्र ह्यांसच याजकपण दिले होते. इब्री भाषेत याजकास 'कोहेन' म्हणतात. हे पद बापाकडून मुलास मिळते. ते विद्येने, द्रव्याने वा निवडणुकीने मिळत नाही. याजकाने टाकलेल्या स्त्रीशी, वेश्येशी अथवा भ्रष्ट झालेल्या स्त्रीशी विवाह करू नये, अशी आज्ञा आहे. प्रमुख याजकावर ह्याहून कडक बंधन होते. त्याने विधवेशीही विवाह करावयाचा नाही. आपल्याच लोकांतील कुमारिका करावयाची. पुढे धर्मशास्त्र्यांनी ह्या नियमांस आणखी कुंपण घातले, व यहूदी धर्म नव्याने स्वीकारलेल्या स्त्रीशीही कोहेनाने विवाह करू नये, असे ठरविले. हे नियम मोडून झालेल्या विवाहाची संतती यहूदीच राहते. मात्र याजकपणास मुकते.

याजकाचे पावित्र्य केवळ विवाहापुरतेच नव्हते. सामान्य इस्राएल लोक प्रेतास शिवत, पुरीत व विधी करून शुद्ध होत. याजकास मात्र आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ व अविवाहित बहीण इतक्याच आप्तांच्या प्रेताजवळ जाण्याची मोकळीक होती. परंपरेने पत्नीचाही त्यांत समावेश केला आहे. प्रमुख याजकास तर जन्मदात्या आईबापांच्या प्रेताजवळ जाण्याचीही मनाई होती. शिवाय इतर वंशांस जमिनी वाटून दिल्या, तेव्हा याजकांच्या वाट्यास शेत आले नाही. खानदेशातील शेतकऱ्याच्या मुलास ह्याचा अर्थ सांगावयास नको. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याची सारी भिस्त दुसऱ्याच्या खळ्यावर असते.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे सर्व नियम याजकास उद्देशून आहेत. 'त्याने करू नये', असे शास्त्र म्हणते. 'तिने करू नये' असे म्हणत नाही. टाकलेली स्त्री रीतसर सूटपत्र मिळाल्यावर कोहेन सोडून कोणाही इस्राएलाशी विवाह करू शकते, व तो विवाह सर्वस्वी धर्म्य असतो. यहूदी विवाहविधीच्या पहिल्या भागास 'किद्दुशीन' म्हणतात. हा शब्द पवित्र करणे ह्याच धातूपासून आला आहे. म्हणजे जे पावित्र्य याजकाच्या अंगी सांगितले, तेच प्रत्येक साध्या संसाराच्याही आरंभी ठेवलेले आहे, आणि पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीसही त्याच शब्दाने व त्याच विधीने संसारात घेतात.

तरीही त्या मुलीची शंका फिटत नाही, हे आम्ही जाणतो. टाकलेल्या स्त्रीचे नाव वेश्येच्या नावाशेजारी एकाच ओळीत यावे, हे वाचणाऱ्यास बोचतेच. परंतु पुढच्या काळातील यहूदी पंडितांनी हा नियम कसा वापरला, ते पाहण्यासारखे आहे. साधारण पुरुषाने रागाच्या भरात बायकोस सूटपत्र दिले व मागाहून त्यास पश्चात्ताप झाला, तर, तिने मध्यंतरी दुसरा पती केला नसल्यास, तो तिला पुन्हा वरू शकतो. कोहेनास ही वाट बंद. तिला एकदा सूटपत्र दिले की ती 'टाकलेली' झाली. मग टाकणारा तो स्वतः असला तरी तिला परत आणता येत नाही. याजक लोक स्वभावाने तापट असत, असे तालमूद नामक ग्रंथात म्हटले आहे. म्हणून पंडितांनी त्यांच्याकरिता एक निराळ्या तऱ्हेचे सूटपत्र योजिले. त्यास 'बांधलेले' सूटपत्र म्हणत. त्यात थोडे लिहावयाचे, कागदाची घडी घालावयाची, ती शिवावयाची, पाठीवर साक्षीदाराने सही करावयाची, व पुन्हा पुढे लिहावयाचे. इतका खटाटोप एवढ्याचसाठी की, लिहिता लिहिता वेळ जावा आणि नवऱ्याचा राग निवावा. ह्यावरून दिसते की, दोष शोधावयाचा तर तो कोठे शोधावा, हे त्या पंडितांस ठाऊक होते. त्यांनी घडी घातली ती याजकाच्या रागावर. स्त्रीच्या चारित्र्याची झडती घेतली नाही.

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. याजकपण जन्माने मिळावयाचे, तर जन्माचा दाखला पाहिजे. आपल्याकडे भाटाच्या वहीत घराण्याची नावे असतात, अथवा त्र्यंबकेश्वरास गेले असता तीर्थोपाध्याय आपल्या वहीतून आजा-पणजाचे नाव काढून दाखवितात. तशाच वंशावळ्या यहूदी याजकांजवळ असत. बाबेलच्या बंदिवासातून लोक यरुशलेमेस परत आले, त्या वेळी काही याजककुळांस आपली नोंद सापडेना, अशी हकीकत एज्रा व नहेम्या ह्या पुस्तकांत आली आहे. त्यांचे काय केले? त्यांस याजकपणापासून दूर ठेवले, व देवाचा कौल सांगणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र अन्न खाऊ नये, असे अधिपतीने ठरविले. परंतु त्यांस लोकांतून काढून टाकले नाही. शंका होती ती पदाविषयी, मनुष्याविषयी नव्हे. हा भेद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो आपल्याच मराठी मुलखातील लोकांच्या कामी यावयाचा होता.

पाचोऱ्याहून मुंबईस जाताना गाडी शेवटच्या स्थानकात शिरण्यापूर्वी ज्या लहान स्थानकावरून न थांबता पुढे जाते, त्याचे नाव मशीद. हे नाव जवळच्या यहूदी सभास्थानावरून पडले, असे पुष्कळांचे मत आहे. ते सभास्थान १७९६ साली सॅम्युएल एझिकेल दिवेकर ह्यांनी बांधिले. ते इंग्रजांच्या पलटणीत अंमलदार होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून जीव वाचला म्हणून नवस फेडण्यासाठी त्यांनी हे मंदिर उभारिले, अशी आख्यायिका आहे. दिवेकर हे आडनाव ऐकून कोणास नवल वाटेल. पण पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर ही सारी आपल्या कोकणातील यहूदी घराण्यांची आडनावे होत. ह्या समाजास बेने इस्राएल म्हणतात. त्यांची मातृभाषा मराठी. त्यांच्या स्त्रिया मंगळसूत्र घालीत, लग्नाआधी वधूवरांस मेंदी लावीत, आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, ह्याच्या नावे पोहे, खोबरे व फळे ह्यांचा मलिदा करीत. पुष्कळ पिढ्यांपूर्वी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांच्याजवळचे ग्रंथ समुद्रात गेले. पुढे ते घाणे चालवून तेल गाळीत. परंतु शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणू लागले.

ह्या लोकांत कोहेन नाहीत. लेवीही नाहीत. त्यांजवळ वंशावळी नव्हती, शास्त्राची पोथी नव्हती, इब्री भाषा विसरली होती. 'हे इस्राएला, ऐक' ह्या अर्थाचा यहूदी धर्माचा मूलमंत्र, शब्बाथ, मुलांची सुंता, काही सण व उपास, आणि खाण्यापिण्याचे नियम एवढेच त्यांनी जपले. दाविद रहाबी नावाचा एक यहूदी परदेशी त्यांच्याकडे आला, तेव्हा हे खरोखर आपले बांधव आहेत काय, ह्याची त्यास शंका आली. मग त्याने काय केले? परंपरा सांगते की, त्याने बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवून ते रांधावयास सांगितले. त्या बायकांनी पर व खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले व बाकीचे बाजूस सारून म्हटले, हे आम्ही खात नाही. शास्त्रातही हाच नियम आहे. त्या बायकांस शास्त्र वाचता येत नव्हते; ते त्यांच्या हातांस ठाऊक होते. रहाबीस खूण पटली. त्याने त्यांच्यातील तीन घराण्यांच्या पुरुषांस शिकवून धर्मकृत्ये सोपविली, व त्यांस लोक काजी म्हणू लागले. हे काजी अहरोनाच्या वंशातील नव्हते. परंतु कोकणातील खेड्याखेड्यांतून लग्ने लावणे, सुंता करणे व तंटे मिटविणे ही कामे ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले.

पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळा निघाल्या व बेने इस्राएल मुले त्यांत शिकू लागली. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण छापिले. मिशनरींची इच्छा काय होती, हे सर्वांस ठाऊक आहे. बेने इस्राएलांनी मिशनरींची विद्या घेतली, तिच्या साह्याने आपले शास्त्र वाचिले, व धर्म आपलाच ठेविला. आम्ही मिशनच्या पदरी वाढलो असलो तरी ह्या गोष्टीचा आम्हांस आदरच वाटतो.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, त्या सुमारास भारतात बेने इस्राएल लोक सुमारे वीस हजार होते. त्यांपैकी पुष्कळ जण हळूहळू इस्राएलास जाऊन राहिले. तेथे यहूदी मनुष्यांचे विवाह व सूटपत्रे धर्मन्यायालयांच्या अधिकारात असतात. तसा कायदा १९५३ साली झाला. आता अडचण उभी राहिली. काही धर्मगुरू ह्या लोकांचे विवाह लावण्यास कचरू लागले. त्यांची शंका अशी की, कोकणात इतकी शतके धर्मपंडितांवाचून काढली, तेथे सूटपत्र रीतीप्रमाणे दिले जात होते काय? रीतीप्रमाणे दिले नसेल आणि त्या स्त्रीने दुसरा विवाह केला असेल, तर तो शास्त्रदृष्ट्या व्यभिचार ठरतो, व त्यापासून झालेली संतती 'ममझेर' ठरते. ममझेराने इस्राएलाच्या मंडळीत विवाह करू नये, अशी आज्ञा आहे. धर्मगुरू दुष्ट होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जे शास्त्र बदलण्याचा आपणांस अधिकार नाही असे ते मानीत, त्याची राखण ते करीत होते.

१९६१ साली तेथील मुख्य धर्मगुरुमंडळाने बेने इस्राएल हे यहूदीच होत, असा निर्वाळा दिला. तथापि १९६२ च्या आरंभी जे आदेश निघाले, त्यांत विवाहाची नोंद करणाऱ्याने बेने इस्राएल वधूची वा वराची आई, आजी व त्यामागील पिढ्या ह्यांविषयी शक्य तितके मागे जाऊन चौकशी करावी, असे लिहिले. विचार करा. ज्या घराण्यांच्या वंशावळ्या समुद्रात बुडाल्या, त्यांच्या मुलीने आजीच्या आईचा दाखला कोठून आणावा? आणि ही चौकशी याजकपद मागणाऱ्यांची नव्हती. आमच्यात कोहेन आहेत, असा दावा त्या समाजाने केलाच नव्हता. साधा संसार थाटू पाहणाऱ्यांची ही चौकशी होती. याजकाच्या दाराशी जो पहारा ठेवावयाचा, तो ह्या लोकांच्या घराच्या दाराशी आणून बसविला, असे त्यांस वाटले. ज्या मुलींच्या आज्या-पणज्यांनी मासा निवडून आपला धर्म पटवून दिला होता, त्यांस आता त्याच आज्या-पणज्यांचे कागद विचारले जाऊ लागले.

बेने इस्राएल लोक स्वस्थ बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेमेत धरणे धरिले. अखेर त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात तेथील लोकसभेची खास बैठक बोलाविण्यात आली. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहूदी असून त्यांस इतर यहूद्यांइतकेच हक्क आहेत, असे सरकारतर्फे जाहीर झाले; पंतप्रधान लेव्ही एश्कोल ह्यांनीही त्या वेळी त्यांची बाजू उचलून धरिली. त्यानंतर धर्मगुरुमंडळाने आपल्या आदेशांतून त्या समाजाचे नाव काढून टाकिले, व ज्या कोणाविषयी शंका येईल त्याची चौकशी करावी, असा सर्वसाधारण नियम ठेविला. शास्त्र बदलले नाही. पण एका सबंध समाजाच्या कपाळावर जी शंका डकवली होती, ती उतरली. पुढे २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहूदी समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. सांप्रत भारतात हे लोक थोडे हजारच उरले आहेत.

कोहेनांचे विवाहनियम मात्र आजही चालू आहेत. यरुशलेमेचे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने पाडले. वेदी नाही, बली नाही. तरी श्रद्धावान कोहेन स्मशानात जात नाही व टाकलेल्या स्त्रीशी विवाह करीत नाही. इस्राएलात कोहेनाचे प्रेम अशा स्त्रीवर जडले, तर धर्मगुरू त्यांचा विवाह लावीत नाहीत; कित्येक जोडपी परदेशी जाऊन विवाह करून येतात. अशा स्त्रीस दुःख होत नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. नियम याजकाचा असला तरी त्याचा काटा कधी कधी तिच्याच पायात मोडतो.

तर मग मागच्या बाकावरील आमच्या विद्यार्थिनीस आम्ही काय सांगावे? बाळ, तिचा दोष नसला तर तो नियम तिला दोषी ठरवीत नाही. तो एका पदावर बसणाऱ्या पुरुषास बांधतो. त्यास शेत नाही, त्यास आईच्या चितेपाशी अथवा कबरेपाशी मोकळेपणी उभे राहता येत नाही असा प्रसंग येतो, त्यास आपल्याच रागाची चूक दुरुस्त करता येत नाही. पावित्र्याचा अर्थ त्या शास्त्रात असा आहे की, ज्यास अधिक मान त्यावर अधिक बंधन. हे बंधन जोवर स्वतःवर असते, तोवर ते पावित्र्य. तेच उचलून दुसऱ्याच्या मुलीस मोजण्याचा गज केला, की पावित्र्य जाते व अभिमान उरतो.

यहूदी पंडितांसही हा धोका माहीत होता. जो सदा इतरांच्या कुळात खोट काढतो, त्याच्याच कुळाविषयी शंका घ्यावी, अशा अर्थाचे मत तालमूदात नोंदलेले आहे. जे घराणे मिसळून गेले ते मिसळून गेले, उगाच उकरू नये, असाही विचार तेथे आहे. त्याहून पुढे जाऊन त्यांच्या जुन्या धर्मसंहितेत असे ठरविले आहे की, विद्वान ममझेर हा अडाणी प्रमुख याजकाहून मानाने श्रेष्ठ. ज्या धर्माने जन्मास एवढे जपले, त्याच धर्माने हे लिहून ठेवावे, ही साधी गोष्ट नव्हे.

शेवटी दोन शब्द पालकांस. आगगाडीत किंवा बाजारात नवीन ओळख झाली की आम्हांस प्रथम आडनाव विचारतात व लगेच दुसरा प्रश्न येतो, "पण मूळचे कोण?" आमच्या आजोबांचे नाव कोणत्याही भाटाच्या वहीत नाही. पूर्वी ह्या प्रश्नाने आमचा चेहरा उतरत असे. हल्ली आम्हांस त्या कोकणातील बायका आठवतात. त्यांच्यापाशी वही नव्हती, पोथी नव्हती, याजक नव्हता. त्यांनी पाटीतून मासा उचलला आणि आपण कोण, हे दाखवून दिले. आपल्या घरी सोयरीक येईल तेव्हा आपणही कुळाची वही जरूर पाहा. आम्ही ती फाडून टाका म्हणत नाही. परंतु वही मिटल्यावर त्या घरची माणसे रागाच्या वेळी कशी वागतात व परत आलेल्या लेकीस जेवावयास कोठे बसवितात, एवढे पाहिल्याखेरीज उठू नका.